एकशे साठ ग्रॅम भात

बाजारात त्यांना ग्रॅमसाहेब म्हणत, आणि त्यात लाडापेक्षा धास्ती जास्त होती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की पार टोकाच्या भाजीवाल्यापर्यंत बातमी पोचायची आणि ओळीने सगळे तराजू पुसले जायचे. माणूस सरळ, चहासुद्धा फुकट न पिणारा, आणि म्हणूनच दुकानदारांना नकोसा.

अशा माणसाच्या घरात मधुमेह आला, आणि तोही पोटच्या पोरीला. तेव्हा मुंगी सहा वर्षांची होती. मुंगी हे नाव ती रांगायची तेव्हापासूनचं. आजार कळल्यावर सगळ्यांना ते ओशाळवाणं वाटायला लागलं, पण पोरीने काही ते बदलू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हिच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, ते बाहेरून द्यावं लागेल, आणि किती द्यायचं हे ती काय आणि किती खाते त्यावर ठरेल. आईच्या डोळ्यांना धार लागली. ग्रॅमसाहेबही रडले, पण त्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात एक काटा आणून ठेवला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संकटात निदान काहीतरी तोलता येत होतं, एवढाच त्यांना धीर होता.

आता मुंगी अकरा वर्षांची होती. तिच्या कमरेला पत्त्यांच्या कॅटाएवढा पंप असायचा. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली इन्सुलिन सोडायची आणि दंडावर चिकटवलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पंपाला आणि फोनला कळवायचा. पंपाला ती भाडेकरू म्हणायची, कारण तो चोवीस तास अंगावर राहायचा, वेळीअवेळी कुरकुरायचा आणि त्याला हाकलायची सोय नव्हती. जेवायच्या आधी ताटातलं अन्न नजरेने जोखायचं, आकडा भाडेकरूला द्यायचा आणि बटण दाबायचं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं होतं. पण तिने ताटाकडे नजर वळवायच्या आत बाबांनी ताट काट्यावर चढवलेलं असायचं.

घरी हे खपून जायचं. सुट्टीवर गेलं की तमाशा व्हायचा. मागल्या सुट्टीत ग्रॅमसाहेबांनी आइस्क्रीमच्या गाडीपाशी कोन काट्यावर उभा करून बघितला. कोन उभा राहीना, आइस्क्रीम थांबेना, मागे रांग वाढत गेली. शेवटी ते वितळून काट्यावरून हातावर आणि हातावरून बाहीत गेलं, तेव्हा ग्रॅमसाहेब गंभीरपणे म्हणाले, "आता बाहीतलं वजा करावं लागेल." त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी न्याहारीचे पाव एकेक करून तोलले, तर धाड पडली असं समजून हॉटेलच्या आचाऱ्याने मागच्या दाराने धूम ठोकली, आणि त्या दिवशी हॉटेलात कुणालाच न्याहारी मिळाली नाही.

शिवाय "साखर किती?" हा प्रश्न होताच. एका रविवारी आईने मोजलं. सकाळपासून झोपेपर्यंत त्यांनी तो एक्केचाळीस वेळा विचारला होता, त्यातला एकदा झोपेत.

यंदा शाळेतून पत्र आलं. तीन दिवसांचं शिबिर, दोन मुक्काम, अख्खा वर्ग जाणार. वर्गाच्या बाईंनी मुद्दाम लिहिलं होतं की पंपाचं सगळं त्या शिकून घेतील आणि शिबिरात नर्सही असेल, फक्त आईवडील दोघांची सही हवी. आईने उभ्याउभ्या सही करून टाकली. ग्रॅमसाहेबांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "तिकडे काटा कोण धरणार?"

"मी बघून सांगीन ना," मुंगी म्हणाली.

"बघून? बघून वजन सांगणारे लोक मी रोज पकडतो!"

मुंगीचा चेहरा पडला. वर्गातल्या सगळ्या मुली जाणार होत्या. कोण कुठल्या खाटेवर झोपणार तेसुद्धा ठरलं होतं. आईने तो चेहरा पाहिला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ती लोकांना गाडी शिकवायची. तिच्या शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता, आणि तो शक्यतो न वापरणं हीच आपली विद्या आहे असं ती सांगायची.

"पुढच्या आठवड्यात आपण चार दिवस तळ्यावर चाललोय," ती म्हणाली. "त्या चार दिवसांत मुंगी आपलं आपण बघेल. तू साखर विचारायची नाहीस, फोनवर बघायची नाहीस आणि काटा आणायचा नाहीस. आकडे माझ्या फोनवर दिसतील. अगदीच वेळ आली तर मी ब्रेक मारीन. चार दिवस निभले तर तू सही करायचीस."

"आणि नाही निभले तर?"

आई काही बोलायच्या आत मुंगीच म्हणाली, "तर मीच जाणार नाही. माझा हिशोब चुकला तर मी बाईंना स्वतः सांगेन, की मला नाही जमत."

बापाचीच पोर ती. ग्रॅमसाहेबांना तिचा अभिमानही वाटला आणि भीतीही.

सामान भरताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. नळ्या तिप्पट, सेन्सर तिप्पट, बॅटऱ्या तिप्पट, पंप बंद पडला तर इंजेक्शनची पेनं, गार पिशवीत इन्सुलिनच्या बाटल्या, साखरेच्या गोळ्या, फळांच्या रसाचे डबे. आईने त्यातलं काहीही काढलं नाही, कारण ते सगळं लागू शकत होतं. फक्त मोज्यांच्या गुंडाळीतून एक काटा काढला आणि दाढीच्या डब्यातून दुसरा. "झालं?" तिने विचारलं. "झालं," ग्रॅमसाहेब म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत ते कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे आईने विश्वास ठेवला. तिसरा काटा, हाताच्या पंजाएवढा, त्यांच्या बनियनच्या आत पोटाशी होता आणि गार लागत होता.

हॉटेल साधंच होतं. खाली जेवणाचं दालन, समोर पायरीपायरीने उतरत जाणारं तळं, काठाला पायाने मारायच्या होड्या. आत्या, म्हणजे ग्रॅमसाहेबांची धाकटी बहीण, आपल्या मुलीला घेऊन आधीच येऊन बसली होती. आत्याची मुलगी तेरा वर्षांची. मुंगी तिला ताई म्हणायची आणि तिच्या मागेमागे करायची. आत्याचा जीव मोठा आणि आवाज त्याहून मोठा. ती मुंगीसमोर गोड खायची नाही, दाराआड जाऊन खायची. तिथून चुरचुर आवाज यायचा आणि सगळे तो न ऐकल्यासारखं करायचे.

पहिला दिवस ग्रॅमसाहेबांना फार जड गेला. न्याहारीला ते जिभेवर आलेला प्रश्न गिळत होते आणि वर चहा पीत होते. शेवटी त्यांनी मुंगीकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

"भुवयासुद्धा नाही," आई म्हणाली.

मग त्यांनी आडून विचारलं, "काय गं, हवा कशी वाटते?" मुंगी म्हणाली, "हवा एकशे वीस आहे आणि सरळ चाललीये," आणि ताईबरोबर पळून गेली. ग्रॅमसाहेबांनी दुपारपर्यंत त्या एकशे वीसवर गुजराण केली. मन रमवायला म्हणून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत डोकावून आचाऱ्याला म्हणाले, "तुमचा काटा शेवटचा कधी तपासून घेतलात?" आचाऱ्याने कांदा चिरता चिरता वर पाहिलं. तेव्हापासून त्या दोघांचं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाडेकरूची नळी दाराच्या मुठीत अडकून उपटली गेली. मुंगी म्हणाली, "अरे देवा," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ग्रॅमसाहेब बाहेर उभे. आत पाकीट फाटल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही, मग टिक असा आवाज, मग मुंगीचं गुणगुणणं. अकराव्या मिनिटाला ती बाहेर आली. "लावली नवी," ती म्हणाली, आणि बाबा घामाने निथळलेले पाहून तिने विचारलं, "तू पळत होतास का?"

एकूण पोरगी पास होत होती. हे त्यांना दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा आनंद त्यांना निखळ होत नव्हता. तिला आपली गरज उरली नाही तर आपण करायचं काय, हा विचार त्यांनी दोन दिवसांत कितीदा तरी झटकला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली आले. जेवण मांडून ठेवलेलं होतं, ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. मुंगीने ताटलीत दोन डाव भात घेतला, भाजी वेगळ्या वाडग्यात घेतली, टेबलाशी बसून भाताकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि वहीत लिहिलं, "भात एकशे साठ." मग भाडेकरूची बटणं दाबली. औषध अंगात भिनायला वेळ लागतो, म्हणून बटण दाबल्यावर दहा-बारा मिनिटं थांबून मग जेवायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. तेवढ्यात ताई म्हणाली, "चल, मासे बघू," आणि दोघी दालनाबाहेरच्या काचेच्या टाकीकडे गेल्या. आई टोप्या आणायला वर गेली होती. आत्या अजून वाढून घेत होती, आणि आत्याचं वाढून घेणं लवकर आटपत नसे.

टेबलाशी ग्रॅमसाहेब, वही आणि भात एवढेच उरले.

ते भाताकडे बघत राहिले. भात एकशे साठचा वाटत नव्हता. आता बघून वाटण्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता, पण स्वतःच्या बघण्यावर थोडा होता. हात आपोआप बनियनमध्ये गेला.

टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड अंथरलेलं होतं. त्यांनी ते डाव्या हाताने उचलून धरलं, मांडीवर काटा ठेवला, त्यावर तसलीच एक रिकामी ताटली ठेवून काटा शून्यावर आणला. मग रिकामी काढून मुंगीची ताटली ठेवली. तेवढ्यात वाढपी पाण्याचा जग घेऊन शेजारी आला. ग्रॅमसाहेबांनी कापड सोडून दिलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहून हसले. तो गेल्यावर त्यांनी कापडाच्या फटीतून खाली वाकून आकडा वाचला. दोनशे पंचेचाळीस.

पंच्याऐंशी ग्रॅमची चूक! म्हणजे पोरीने औषध कमी घेतलंय. म्हणजे साखर चढणार, भाडेकरू ओरडणार, आणि पोरगी स्वतःच्या तोंडाने मला जमत नाही म्हणणार. त्यांना ती नापास व्हायला नको होती. त्या क्षणी तरी अजिबात नको होती. पण सांगायचं कसं? सांगितलं तर काटा उघडा पडणार. आकडा बदलायची बंदी होती. भात बदलायची बंदी कुणी घातली नव्हती.

म्हणून ग्रॅमसाहेबांनी मुलीचा आकडा खरा करायचं ठरवलं. कापडाखालून त्यांनी एक चमचा भात काढला आणि खाल्ला. नुसता, कोरडा. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला ठसका लागला, पण आवाज होऊ दिला नाही. पाचव्या चमच्याला काट्यावर एकशे साठ आले. त्यांनी उरलेला भात चमच्याने हलका करून फुगवला, ताटली जागेवर ठेवली, काटा पोटाशी ढकलला आणि तोंड पुसलं. मुंगी परत आली, होडीच्या घाईत ताटलीकडे नीट न बघताच जेवली, म्हणाली, "मासे कंटाळलेत बिचारे," आणि ताईबरोबर होडीकडे धावली.

तासाभराने काठावर बसलेल्या आईचा फोन वाजला. आईने पाहिलं आणि ती ताठ झाली. ग्रॅमसाहेबांना विचारायची बंदी होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न," आई हळूच म्हणाली. "आणि खाली चाललीये. थांब. बघू ती काय करते ते."

"खाली? वर म्हण!"

"खाली. वर कशाला जाईल?"

तळ्याच्या मधोमध मुंगीने पाय थांबवले. खिशातून रसाचा डबा काढला, नळी खुपसली आणि प्यायली. ताईला काहीतरी सांगितलं. ताई एकटीच जिवाच्या आकांताने पाय मारायला लागली, त्यामुळे होडी काठाकडे यायच्या ऐवजी जागच्या जागी गोल फिरू लागली. "साखर द्या कुणीतरी तिला, साखर!" आत्या ओरडली आणि तिने पिशवीतला बिस्किटांचा पुडा होडीच्या दिशेने फेकला. तो जेमतेम दहा हात गेला आणि बदकांनी वाटून घेतला. ग्रॅमसाहेब बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरले होते. पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना पोहता येत नव्हतं.

मुंगीने हात वर करून सगळ्यांना थांबा अशी खूण केली. पंधरा मिनिटं थांबून तिने भाडेकरूकडे पाहिलं, दुसरा डबा फोडला. होडीवाल्याने दुसऱ्या होडीतून जाऊन त्यांना ओढत आणलं तोवर आकडा नव्वदवर आला होता. चेहरा पांढरा पडला होता, पण ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढली. आईचा पाय ब्रेकपर्यंत गेला होता, पण तिने तो मारला नव्हता.

"शाब्बास," आई म्हणाली. "सगळं बरोबर केलंस."

वर खोलीत जाऊन मुंगीने वही उघडली आणि ती हिशोब तपासत बसली. सगळे तिच्याभोवती जमले. आत्याच्या हातात अजून एक पुडा होता, ऐनवेळी लागला तर म्हणून.

"होडीसाठी मी औषध आधीच कमी केलं होतं," मुंगी स्वतःशीच म्हणत होती. "भाजीत साखर चढवणारं काही नव्हतं. म्हणजे भातच. भात एकशे साठ नसणारच. खूप कमी असणार. मी बघून जास्त धरला." मग तिने वही मिटली. "आई, बाईंना फोन लाव. मी येत नाही म्हणून सांगते."

"अगं, एवढ्याने काय..."

"एवढ्याने नाही. मला वाटत होतं मला बघून कळतं. नाही कळत. तिकडे असं झालं तर बाई घाबरतील, सगळ्यांची मजा जाईल." आवाज अगदी नीट होता. फक्त बोलून झाल्यावर तिने ओठ दाताखाली धरला.

ग्रॅमसाहेब दारात ओल्या बुटांनी उभे होते. आता नुसतं गप्प राहायचं, की सगळं त्यांच्या मनासारखं होणार होतं. सही करायला नको, शिबिर नको, दोन मुक्काम फोनकडे डोळे लावून बसायला नको. पोरगी घरात, ताट काट्यावर, सगळं जिथल्या तिथे. कुणाला कधी कळलंही नसतं. हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि आलं याची त्यांना इतकी लाज वाटली की बूट काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"भात मी खाल्ला," ते म्हणाले.

"कुठला भात?" आईने विचारलं.

"तिच्या ताटातला. पाच चमचे. ती मासे बघायला गेली तेव्हा."

आत्याच सगळ्यात आधी सावरली. "अरे दादा, एवढी भूक लागली होती तर वाढून घ्यायचा! मी घेतच होते की!"

"भूक नव्हती." ग्रॅमसाहेबांनी बनियनमध्ये हात घालून काटा काढला आणि पलंगावर ठेवला. "वजन जास्त भरलं. दोनशे पंचेचाळीस. मला वाटलं साखर चढेल आणि तू हरशील. म्हणून भात तुझ्या आकड्याइतका केला. तरी साखर खाली गेली, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं; तू औषध घेतल्यावर मी तुझ्या ताटातला भात कमी केला. आज जे झालं ते माझ्यामुळे झालं. चूक माझी आहे, मुंगे. तुझी अजिबात नाही."

आईने काट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पोर पाण्यात होती," ती एवढंच म्हणाली, आणि ते त्यांना आयुष्यभर पुरेल असं होतं.

मुंगीचे डोळे भरून आले होते, पण रडायच्या आधी तिच्या कपाळाला आठी पडली. "थांब. दोनशे पंचेचाळीस? शक्यच नाही."

"काट्यावर आले."

"मी दोनच डाव घेतले होते. दोन डावांत दोनशे पंचेचाळीस मावतच नाही. चल."

ती काटा काखोटीला मारून जिना उतरली आणि सगळी वरात तिच्या मागून. जेवणाच्या दालनात आचारी संध्याकाळची मांडामांड करत होता. मुंगीने त्याला दुपारचाच डाव आणि दुपारचीच ताटली मागितली. काय भानगड आहे ते आत्याने त्याला सांगितलं, आणि तिच्या आवाजामुळे ते वाढप्यांना आणि शेजारच्या तीन टेबलांनाही कळलं. आचाऱ्याने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि तो स्वतः भाताचं पातेलं घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदाच सुख दिसत होतं.

कापड बाजूला सारून उघड्या लाकडी टेबलावर काटा ठेवला. रिकामी ताटली, शून्य. मुंगीने दुपारसारखा दोन डाव भात वाढला. सगळे वाकले.

एकशे सत्तावन्न.

"आमच्या काट्यावरही बघा," आचारी म्हणाला. "तपासलेला आहे." तिथेही एकशे सत्तावन्नच.

"मग दोनशे पंचेचाळीस आले कुठून?" आई म्हणाली. "बसा. दुपारी कसे बसला होतात तसे बसा." ती रागावली की नवऱ्याला अहोजाहो करायची. ग्रॅमसाहेब मुकाट्याने बसले. मांडीवर काटा, त्यावर ताटली, डाव्या हाताने कापड उचललेलं. एकशे सत्तावन्न. "मग वाढपी आला," ते म्हणाले, आणि त्यांनी कापड सोडलं. कापडाची जाड, दुहेरी शिवलेली कड ताटलीवर जाऊन बसली. मुंगी टेबलाखाली शिरली होती. तिथूनच तिने आकडा वाचला. "दोनशे त्रेचाळीस!"

आचाऱ्याला हसू आवरेना. ग्रॅमसाहेबांना तर तोंड लपवायला जागा उरली नाही. पारड्याला काहीही टेकता कामा नये, हे वाक्य त्यांनी बावीस वर्षांत किती दुकानांत सुनावलं असेल आणि त्यापायी किती जणांना दंड केला असेल याची गणती नव्हती. पोटच्या पोरीचा भात त्यांनी टेबलाच्या कापडासकट तोलला होता.

मुंगी टेबलाखालून बाहेर आली. केस विस्कटलेले, गुडघ्याला धूळ. तिने बाबांच्या मांडीवरची ताटली उचलून पुन्हा आचाऱ्याच्या काट्यावर ठेवली, एकशे सत्तावन्न आले तिकडे ती बघत राहिली, आणि आता रडली. "मी बरोबर होते," ती म्हणाली. "मी बघून एकशे साठ म्हटलं आणि मी बरोबर होते. मला दुपारभर वाटत होतं की माझंच डोकं चुकतं."

पाच वर्षं ग्रॅमसाहेबांनी या पोरीला रोज आकडे सांगितले होते. तू बरोबर आहेस असं एकदाही सांगितलं नव्हतं.

"तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "तीन ग्रॅमचा फरक. एवढा तर खातंसुद्धा माफ करतं. इतकी चांगली नजर मी बाजारात एकाचीही पाहिली नाही, मुंगे." मग त्यांनी आईकडे हात पुढे केला. "ते पत्र दे."

आईने पर्समधून पत्र काढलं. पेन आचाऱ्याने दिलं, भाज्यांची यादी करायचं, थोडं तेलकट. ग्रॅमसाहेबांनी पेन टेकवलं, तेवढ्यात मुंगीने कागदावर हात ठेवला.

"ही सही कशाची आहे? माफीची असेल तर मला नको."

"आकड्याची आहे. एकशे साठची."

तिने हात काढला. त्यांनी सही केली, आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि तारखेसकट, जशी ते सरकारी कागदावर करत. मुंगीने ती वाचून पाहिली आणि पत्र आईकडे दिलं. मग नाक पुसून तिने तोच भात वाढलेली ताटली उचलली, टेबलाशी बसली, बटणं दाबली आणि वाट बघायला लागली. ग्रॅमसाहेब तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"बाबा," ती म्हणाली, "तू चांगला आहेस. पण माझं जेवण होईपर्यंत तिकडे बस."

ग्रॅमसाहेब उठले आणि आपली खुर्ची घेऊन तीन टेबलं पलीकडे जाऊन बसले.